तीन बाजारांची भिंत

धारूरच्या पेठेत मन्मथअप्पांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायची रद्दी माजलगावहून यायची आणि तिच्यात मुलांच्या चित्रकथांची पुस्तकं निघायची. हळदीला अर्धं पान, साखरेला पूर्ण. पान फाटायच्या आधी हाती लागेल तेवढंच अप्पांच्या लेकीच्या, जगदेवीच्या, वाट्याला.

"अप्पा, राक्षसाचं पुढं काय झालं?"

"बडीशेप घेऊन गेला घाटाखाली."

अख्खी गोष्ट तिनं कधी वाचलीच नाही. एका पानावर राजपुत्र कड्यावरून कोसळायचा, हाती लागलेल्या पुढच्या पानावर घोड्यावर बसलेला असायचा. मधलं ती मनानं भरायची. एका कोपऱ्यात पिवळ्या पट्टीत लिहिलेलं असायचं, 'काही दिवसांनी'. एवढ्यावर महिनेच्या महिने उडवता येतात, हे तिला लई आवडायचं.

पुढं ती बीडला चित्रकला शिक्षकाच्या शिक्षणाला गेली. तिथले बंकट सर तिच्या कागदावर वाकले की वर्ग कान टवकारायचा.

"जगदेवी, ही म्हातारी पाण्याला निघालीय की कुस्तीला?"

"सर, हंडा जड हाय."

"आणि म्हशीच्या दंडाला बेटकुळ्या?"

जाड काळी रेघ, ताणलेले स्नायू, उडी मारायच्या बेतातली माणसं. पुड्यांवरची चित्रं तिच्या बोटांत जाऊन बसली होती. सरांनी एकदा कपाटातून जुन्या चित्राची छापील प्रत काढली. डोंगर, नदी, वाडा आणि एकच राजा चार ठिकाणी.

"सर, हे चौघं भाऊ हायत का?"

"एकच आहे तो. वाड्यातून निघाला, नदी ओलांडली, शिकार केली, परत आला. त्या चित्रकारानं चौकट आखली नाही. रस्ता आखला."

चौकटीशिवाय गोष्ट कशी कळायची, असं जगदेवीला वाटलं.

सत्याऐंशीचा उन्हाळा. दुसऱ्या वर्षीही आभाळ कोरडं गेलेलं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी प्रत्येकानं गावातली एक भिंत रंगवायची होती. जगदेवीची आत्या, गंगासागर, युसूफ वडगावला दिलेली. तिनंच दूध सोसायटीचे सचिव गहिनीनाथ यांच्याकडं सोसायटीच्या भिंतीसाठी शब्द टाकला.

वैरण संपत आली म्हणून सोसायटीनं धरणाखालच्या भागातून गव्हाचं काड आणलं होतं. नुसत्या काडात कस नाही. गुरांच्या डॉक्टरांनी सभेत युक्ती सांगितली होती: युरियाचं पाणी मापानं शिंपडायचं, ढीग तुडवून पोत्यांनी झाकायचा, शेणमातीनं लिंपायचा, तीन आठवडे हात लावायचा नाही. मग उघडून वारा द्यायचा आणि खायला घालायचं. ताजं शिंपडलेलं जनावराच्या पोटात गेलं, तर ते विष.

"सभेला आले गडी," गहिनीनाथ म्हणाले, "आन् वैरण टाकतात बाया. त्यांना कळंल असं काढ, पोरी."

जगदेवीनं तीन चौकटी काढल्या. पहिलीत हिरव्या लुगड्यातली बाई बादलीत युरिया ढवळते. दुसरीत काडावर शिंपडते. तिसरीत म्हैस खाते, चकचकीत, दंडाला बेटकुळी. तिसरीच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी, 'झाकून ठेवा. तीन आठवड्यांनी'. दूध घालायला आलेल्या बाया थांबून बघायच्या. एकीनं तर म्हशीला हात लावून बघितला.

चार दिवसांनी सकाळी केसरबाई आत्याच्या ओट्यावर आली. तिच्या दारात एकच म्हैस उरली होती. दुसरी पाडव्याआधीच विकली होती.

"लई सोपं काढलंस बाई," ती जगदेवीला म्हणाली. "आमच्या मालकाला सभेत काय कळलं न्हाई, मला बघून कळलं. पहाटंच शिंपडलं. आता जाते, टाकते म्हशीला."

जगदेवी कप ठेवून उठली. "मावशी, आज न्हाई! तीन आठवडे झाकायचं."

"झाकलेलं कुठं दाखवलंस?"

"पिवळ्या पट्टीत लिव्हलंय की!"

"ती पट्टी व्हय? मला वाटलं तुझं नाव हाय."

तेवढ्यात केसरबाईला आठवलं, मालक घरीच होते, आणि म्हैस पहाटेपासून रेकत होती. दोघी पळत सुटल्या. मालकानं खरंच काडाची कवळ उचलून गव्हाणीत टाकली होती. म्हशीनं तोंड घातलेलं. केसरबाईनं शिंगाला धरून तिला मागं ओढलं, जगदेवीनं दोन्ही हातांनी गव्हाण उपसली. युरियाचा वास बोटांना चिकटला.

"आगं, काय झालं?" मालक विचारत होते. म्हशीच्या तोंडात घासभर गेलं होतं. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं; त्यांनी आणलेलं आंबट व्हिनेगर पाण्यातून पाजलं. दिवसभर दोघी तिच्यापुढं बसून होत्या. उन्हं कलल्यावर तिनं रवंथ सुरू केला, तेव्हा केसरबाई म्हणाली,

"हिच्यावरच घर हाय, पोरी."

संध्याकाळी गहिनीनाथ चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी उभे.

"पुसतो. जीव जायचा कुणाच्या तरी जनावराचा."

"पुसाच, तात्या," जगदेवी म्हणाली. "पण मला परत काढू द्या. आधी केसरमावशीला दाखवते. तिला कळलं न्हाई तर तुमी म्हणाल तसं."

आता कोडं एकच होतं. अक्षर न लिहिता तीन आठवडे कसे काढायचे? पिवळी पट्टी इथं उपयोगाची नव्हती. तिनं केसरबाईलाच विचारलं, "मावशी, आठवडा झाला हे तुमाला कशावरून कळतं?"

"कशावरून म्हंजे? बाजारावरून."

जगदेवीला सरांचा चार ठिकाणचा राजा आठवला.

चुना वाळल्यावर तिनं चौकट आखली नाही. अख्ख्या भिंतीवर एकच अंगण, अंगणातून निघणारी एकच वाट. हिरव्या लुगड्यातली बाई ढवळते, शिंपडते, ढीग लिंपते. मग तीच बाई टोपली घेऊन बाजाराच्या वाटेनं जाते. तिच्या पुढं तीच, तिच्याही पुढं तीच. तीन बाजार. मागं लिंपलेला ढीग आणि दोरी ताणून त्याच्याकडं बघणारी उपाशी म्हैस. वाटेच्या शेवटी ढीग उघडलेला, बाई पसरून वारा देते, आणि म्हैस खाते. रेघ मात्र पुड्यांवरचीच, जाड आणि काळी. बेटकुळी तेवढी काढून टाकली.

केसरबाई भिंतीपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बोटानं वाट चालत गेली.

"ढवळलं. शिंपडलं. लिंपलं. एक बाजार, दोन बाजार, तीन बाजार." बोट थांबलं. "मग उघडायचं. तवर म्हैस वरडंल, वरडू द्यायची."

गहिनीनाथांनी चुन्याची बादली आत नेऊन ठेवली.

केसरबाईनं तसंच केलं. तिसऱ्या बाजारानंतर तिनं ढीग उघडला, तेव्हा उग्र वासानं आत्यानं नाकाला पदर लावला. रात्रभर वारा दिला. सकाळी म्हशीनं हुंगलं, तोंड फिरवलं, परत हुंगलं आणि खाल्लं. जगदेवी शेजारीच उभी होती. दुपारपर्यंत उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर केसरबाईनं तिला भिंतीपाशी नेलं.

"एक चुकलंय."

जगदेवी भिंतीजवळ सरकली. "काय?"

"हिची टोपली तिन्ही बाजारी रिकामीच कावून?"

"दुष्काळ हाय ना, मावशी."

"आसू दे की. एवढं तीनदा चालायला लावलंस बाईला. तिसऱ्या बाजारी तरी काहीतरी घाल."

जगदेवीनं डब्याच्या तळाशी उरलेला जांभळा रंग खरवडला आणि टोपलीत दोन वांगी काढली.