मोरीतलं बेट
ओल्या दगडाचा वास आला की बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या घरची मोरी आठवते. मला हवामानशास्त्र शिकायचं होतं. वडिलांना वाटे, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरावी. डोंगराळ बेटावरून वारा गेला की पलीकडे हवेत लाटा उठतात, हे मला त्यांना नीट सांगता येईना, म्हणून मी मोरीच्या वाहत्या पाण्यात वरवंटा आडवा ठेवला. आई ओरडली, "अगं, तुझ्या बारशाला पाळण्यात ठेवलेला वरवंटा तो!" पण पाणी त्याच्यावरून चढून पलीकडे हळूच वरखाली होत होतं, आणि लाटा मात्र जागच्या हलत नव्हत्या. वडील उकिडवे बसून बघत राहिले. आई नळ बंद करू लागली तसे कानडी ढंगात म्हणाले, "स्वल्प थांब गं, वाहू दे." आता हवामानशास्त्राच्या वर्गात उपग्रहाच्या चित्रात बेटामागे ढगांच्या ओळी दिसल्या, की मला आधी वडिलांचं ते उकिडवं बसणं दिसतं.