सात मिनिटांचा फळा

एकोणीस वर्षं ज्या बाईंनी मुलांना अक्षरं शिकवली, त्यांना एके दिवशी कागद आला की तुम्ही अजून शिक्षिका झालेल्या नाहीत.

कागदात असं उघड लिहिलेलं नव्हतं. कचेरीचे कागद कधी तोंडावर बोलत नाहीत. त्यात एवढंच होतं की ज्यांचं प्रशिक्षण झालेलं नाही त्यांनी ते दोन वर्षांत पुरं करावं, आणि शेवटी नव्या पद्धतीच्या फळ्यावर एक पाठ घेऊन दाखवावा. पाठ उतरला तर वर्ग तुमचा. नाही उतरला तर वर्ग दुसऱ्याचा. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी या वयात पुन्हा विद्यार्थिनी?"

"प्रशिक्षणार्थी," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऐकायला जरा बरं वाटतं."

बाईंचं वय तेव्हा चव्वेचाळीस. त्यांचा वर्ग पहिलीचा, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाला. त्या वर्गात मूल आलं की महिन्याभरात त्याचं रडं थांबायचं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. बाईंची एक रीत होती. फळ्यावर लिहिताना त्या कधी पूर्ण वळायच्या नाहीत. अंग तिरकं ठेवायचं, हात फळ्यावर, डोळे मुलांवर. त्यामुळे त्यांच्या ओळी किंचित वर चढत जायच्या. मोठ्या बाई चेष्टेनं म्हणायच्या, "तुमच्या ओळींना डोंगर चढायची भारी हौस." पण कुठल्या पोराचं पोट दुखतंय, कोण घरून उपाशी आलंय, कुणाला उत्तर येतंय पण हात वर करायची भीती वाटतेय, हे बाईंना हातातला खडू न थांबता दिसत असे. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण होता.

प्रशिक्षण केंद्र शाळेपासून अर्ध्या तासावर होतं. शाळा सुटली की बाई तशाच निघायच्या. चाळीस जण शिकणारे आणि नवा फळा एकच. पांढराशुभ्र, भिंतीएवढा, आतून उजळणारा. बोट टेकलं की उघडायचा, बोट ओढलं की सरकायचा. प्रत्येकाच्या वाट्याला तो आठवड्याला सात मिनिटं यायचा. सात मिनिटं झाली की संगणकाचे सर टेबलावर पेन वाजवायचे, की पुढचा माणूस उभा. हे सर पंचविशीचे. बाईंच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या मुलांएवढे.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर बोट असं दाबलं की नखाचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"मावशी, फळा आहे तो, दार नाही," सर म्हणाले. "ठोठावू नका. आत कुणी नाही."

सगळे हसले. बाईही हसल्या. हसणाऱ्यात एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड चातीसारखं फिरायचं. वय बावीस. ती बाईंशेजारी बसायची, बाईंच्या डब्यातलं खायची आणि फळ्यासमोर उभी राहिली की दोन मिनिटांत काम उरकून उरलेली पाच मिनिटं बाईंना द्यायची. सर डोळेझाक करायचे. तरी बारा मिनिटांत काय होणार? बाईंच्या घरी संगणक नव्हता. फोन होता तो बोलण्यापुरता.

मग बाईंनी आपली युक्ती काढली. जुन्या कॅलेंडरची पानं घेतली आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर तो पांढरा फळा हुबेहूब काढला. डाव्या कडेला बटणांच्या दोन उभ्या रांगा, वर पट्टी, मध्ये मोकळी जागा. एक बटण दाबलं की काय उघडतं त्याचं दुसरं पान, त्यातून पुढे तिसरं. अशी चौदा पानं झाली. स्वयंपाकघरात दोरी बांधून ती चिमट्यांनी लटकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, या इकडे. तुम्ही मशीन व्हा."

नवरा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत काचेच्या पेटीमागे बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा. आता लोक घड्याळ बंद पडलं की टाकून देत, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ. तो दोरीशेजारी स्टुलावर बसे. बाई कागदाला बोट लावत, की तो ते पान काढून पुढचं लटकवे आणि जड आवाजात म्हणे, "उघडलं."

"डावीकडून दुसरं, वरून तिसरं," बाई पुटपुटत.

"उघडलं. चित्र आलं. दिवा आला."

"वरून पाचवं."

"चुकलात बाई. मशीन रुसलं. चहा टाकल्याशिवाय चालणार नाही."

हसत खेळत वर्ष गेलं. बाईंची बोटं तयार झाली. डोळे मिटूनही त्या सांगत, दुसऱ्या रांगेत वरून तिसरं म्हणजे चित्रांची पेटी, त्याखाली पेन, त्याखाली खोडायचं. कशावर कसलं चित्र आहे ते बघायचीही गरज उरली नाही. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी ती पानं मागवून घेतली, त्यांचा फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवून म्हणाले, "बघा, याला म्हणतात जिद्द." बाईंचे कान तापले. एकोणीस वर्षांत त्यांनी हजारदा दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवला होता, आपल्या पाठीवर कुणी हात ठेवला की कसं वाटतं ते त्या विसरल्या होत्या.

एकटी टकळी गप्प होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "ताई, रागावू नका. पण तुम्ही बटणावरचं चित्र बघा, त्याची जागा नका बघू. जागा बदलते हो."

"घराच्या दाराची कडी कधी जागा बदलते का गं?"

"हे घर आपलं नाही ना ताई."

बाईंना ते बोलणं लागलं. बावीस वर्षांची पोर आपल्याला शिकवते, आणि तेही आपलाच डबा खाऊन. त्या दिवशी त्या एकट्याच पुढे निघून आल्या.

शेवटचा पाठ एका परक्या शाळेत होता. तिथले वर्ग मोठे, खिडक्या उंच. विषय बाईंनीच निवडला होता, सावली. फळ्यावर एक झाड, वर फिरणारा दिवा. दिवा सरकवला की झाडाची सावली लांब होणार, आखूड होणार. हे सगळं केंद्रावरच आधी भरून ठेवलं होतं, फक्त उघडायचं होतं. समोर तीस अनोळखी मुलं, मागे दोन परीक्षक. एक जाडसर गृहस्थ, कागद मांडीवर घेतलेले. दुसऱ्या पिकल्या केसांच्या परीक्षक बाई, हात जुळवून बसलेल्या.

बाईंनी फळा चालू केला. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. बटणं सगळी खाली, एका आडव्या ओळीत, बारीक बारीक. फळा नव्या घडणीचा होता.

वर्षभर शिकवलेलं बोट मात्र थांबलं नाही. ते आपल्या जागी गेलं. दुसऱ्या रांगेत, वरून तिसरं. तिथे काळा ठिपका उमटला, कारण या फळ्यावर पेन आधीपासूनच चालू होतं. बाईंनी पुन्हा बोट टेकवलं, दुसरा ठिपका. ओढलं, तर काळी रेघ. खोडायचं कुठे? खोडायची जागा होती तिथे बोट नेलं, तर आणखी एक रेघ.

"बाई, पाऊस काढताय?" पुढच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं.

बाईंना ते ऐकू आलं नाही.

खालच्या ओळीतली चित्रं त्या आता एकेक करून बघू लागल्या, पण चित्रांशी ओळख कुठे होती? ओळख होती ती जागांशी. एक दाबलं, फळा दुभंगला. दुसरं दाबलं, सगळं बारीक झालं. मागे मुलं आधी हसली, मग कुजबुजली, मग त्यांनी आपापले खेळ सुरू केले. कुठेतरी बाक करकरला, कुणीतरी मुसमुसायला लागलं. पिकल्या केसांच्या परीक्षक बाई दोनदा म्हणाल्या, "असू द्या हो, तोंडी सांगा. खिडकीतून ऊन आलंय, हात धरा उन्हात, पडेल सावली." फार चांगलं सांगत होत्या. बाईंना शब्द कळले, अर्थ उतरला नाही. त्यांना वाटत होतं, आणखी एकच बटण.

तेविसाव्या मिनिटाला झाड उघडलं. दिवाही आला. बाई आनंदानं वळल्या. तेव्हा त्यांना दिसलं की पुढच्या बाकावरची मुलगी डोकं टेकून रडते आहे. बाजूच्या मुलानं तिच्या वहीचं पान फाडलं होतं, आणि ती बराच वेळ रडत असावी, कारण रडून रडून तिला उचकी लागली होती. परीक्षक बाई उठून तिच्यापर्यंत आल्या होत्या.

वेळ संपली होती.

दहा दिवसांनी पाकीट आलं. आत दोन पानं. पहिल्या पानावर फळा वापरण्याचे गुण, जवळपास कोरेच. घड्याळजीनं ते डोळ्याला काच लावून वाचलं आणि तो उसळला.

"हा अन्याय आहे! शिकवलं एका फळ्यावर, परीक्षा दुसऱ्यावर! आठ दिवसांत तक्रार करता येते, इथे लिहिलंय."

"लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं."

"अगं, पण अंगण खरंच वाकडं होतं ना!"

टकळीही धावत आली. ती उत्तीर्ण झाली होती, तरी तोंड उतरलेलं. "ताई, मी लिहून देते. सरही देतील, मी बोललेय त्यांच्याशी. आणखी तिघांच्या तक्रारी गेल्यात, त्यांना पुन्हा पाठ मिळणार म्हणे." मग खाली बघत तिनं उरलेलं सांगितलं. मोठ्या बाईंनी तिला बोलावणं पाठवलं होतं. बोळाच्या टोकाच्या वर्गासाठी. "तुम्ही तक्रार करा ताई, म्हणजे मला नाही म्हणता येईल."

"आधी पाणी पी," बाई म्हणाल्या. "किती बोलतेस."

घड्याळजीनं अर्ज लिहायला घेतला. बारीक, घोटीव अक्षर. चार वेळा फाडून पाचव्यांदा मनासारखा झाला. सोबत दोन्ही पानं जोडायची होती. दुसरं पान मात्र बाईंनी त्याच्या हाती दिलं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, देते. असे सात दिवस गेले. शाळेत त्या नेहमीसारख्या शिकवत होत्या. फक्त आता फळ्यावर लिहिताना मध्येच थांबून मागे बघायच्या, जणू कुणी हाक मारली असावी.

आठव्या दिवशी दुपारी त्यानं काचेची पेटी बंद केली, अंगात सदरा घातला आणि अर्ज बाईंसमोर ठेवला. "कचेरी पाचला बंद होते. सही कर आणि ते दुसरं पान दे. मी नेऊन देतो."

बाईंनी पेन घेतलं. मग खाली ठेवलं आणि पाकिटातून दुसरं पान काढून त्याच्यापुढे सरकवलं. त्यावर परीक्षकांचा शेरा होता, एका ओळीचा, ठसठशीत अक्षरात. 'मुलांकडे लक्ष नाही.'

घड्याळजीनं ते वाचलं. काच लावून पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"तुझ्याबद्दल? हे तुझ्याबद्दल लिहिलंय? काय माणसं आहेत! अगं, हे तर धडधडीत खोटं आहे."

"खोटं असतं तर सही केली असती," बाई म्हणाल्या.

घड्याळजीला सदरा काढायचंही सुचेना. तसाच तो पुढच्या खोलीत जाऊन बसला. तिथल्या घड्याळांत पाच वाजले, एकात आधी, एकात नंतर, मागेपुढे करत सगळ्यांतच वाजले.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत लवकर गेल्या. टकळी वर्ग हाती घ्यायला येण्याआधी त्यांनी तिच्यासाठी एका कागदावर अडतीस मुलांची माहिती लिहून काढली. कुणाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कुणाचे आईवडील वेगळे राहतात, कुणाला आधी हाक मारावी लागते. ओळी सरळ याव्यात म्हणून त्यांनी कागद टेबलावर नीट धरला होता. वर्गात तेव्हा कुणी नव्हतं.