रोमिंग न घेतलेले आठ दिवस

आत्याच्या मुलानं तिच्या फोनवर परदेशात चालणारं सगळ्यात मोठं रोमिंग पॅक टाकून दिलं होतं. माझ्या फोनमध्ये तर सिमच नव्हतं. बँकॉकच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत आत्याचा फोन टुणटुण वाजायला लागला, तशी पुढची माणसं वळून बघायला लागली आणि माझे कान तापले. लोकांनी वळून बघितलेलं मला आवडत नाही. आत्याला आवडतं.

"माजं चालू झालं बग! तुजं?"

"माझं सिम घरी आहे ना, आत्या."

"व्हय की. मंग माज्याजवळ चाल. लांब गेलीस की तुजं नेट बंद."

आत्या इंद्रायणीकाठच्या इंदुरी गावची. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. तिच्याबरोबर तिच्या जाऊबाई येणार होत्या, पण आयत्या वेळी त्या अंगणात पाय मुरगळून बसल्या. इंग्रजी फॉर्म भरायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांच्या जागी मला पाठवायचं ठरलं. मी नको म्हणू शकले असते, पण नको म्हणायला जितकं बोलावं लागतं तितकं बोलणं मला जमत नाही.

सिम घरी राहण्याचं कारण सांगायला हवं. आमचं घर लोणावळ्यात, तुंगार्लीत आहे. वरचा मजला आम्ही शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना राहायला देतो. फाटकावर पाटी आहे आणि पाटीवर माझा नंबर. मी बारावीत असताना बाबांनी तो रंगवून घेतला, का तर मी कुठे जात नाही आणि फोन सतत माझ्या हातात असतो. तेव्हापासून अनोळखी माणसं मला फोन करून विचारतात की धबधबा किती लांब आहे, कुत्रा आणला तर चालेल का, म्युझिक किती वाजेपर्यंत. सुरुवातीला मी उत्तरं कागदावर लिहून ठेवायचे. हळूहळू माझा एक फोनवरचा आवाज तयार झाला. बारीक, गोड, शाळेतल्या सिस्टरांसारख्या इंग्रजीतला. घरात मी तशी बोलत नाही.

ताई त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची. जेवताना आमटीचं भांडं पुढे करून ती त्या आवाजात मलाच विचारायची, "मॅम, वुड यू लाइक सम मोअर?" आई-बाबा हसायचे. मीही हसायचे. आम्ही दोघी एकाच शाळेत गेलो, तिच्या-माझ्यात दोन वर्षांचं अंतर, आणि फोनवर आमचे आवाज तसेही सारखेच येतात. ती तेव्हा लोणावळ्यातच एका शाळेत शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नाशिकचा.

त्या वर्षी मी एक अर्ज केला होता. दक्षिणेतल्या एका संस्थेत जुन्या दगडी शिल्पांची देखभाल शिकवणारं दोन वर्षांचं काम होतं, राहण्याची सोय तिथेच. भाज्याच्या लेण्यांत आम्ही लहानपणी डबा घेऊन जायचो. बाकीचे पळापळी करायचे आणि मी भिंतीवरच्या माणसांकडे बघत बसायचे, कारण ती माझ्याशी बोलायला येत नसत. असल्या बघत बसण्याचं काम असू शकतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि मला दुसरं काही नकोसंच झालं. घरात हे फक्त ताईला माहीत होतं. व्हिडिओवर मुलाखत झाली तेव्हा मी वरच्या गेस्टच्या खोलीत बसले होते आणि आई वर येऊ नये म्हणून ताई जिन्यात वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन उभी होती. मुलाखतीनंतर त्यांनी कळवलं की मी प्रतीक्षा यादीत पहिली आहे. जागा रिकामी झाली तर फोन करू, पण उत्तर त्याच दिवशी हवं.

म्हणून मला रोमिंग घ्यायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी पलंगावर बसून पॅक बघत होते. ताई शेजारी माझी बॅग भरत होती.

"कशाला घेतेस? सगळे गेस्ट तिकडे फोन करतील. आत्याला हत्ती दाखवशील का त्यांना धबधब्याचा रस्ता सांगशील?"

"पण तो फोन आला तर?"

"तर मी आहे ना. मी सांगते हो म्हणून. लगेच तुला व्हॉट्सअ‍ॅप करते. आण इकडे."

तिनं कानातलं काढलं आणि त्याच्या टोकानं माझ्या फोनचा कप्पा उघडून सिम काढलं. मग ते बाबांच्या जुन्या, कोपरा फुटलेल्या फोनमध्ये घातलं. मला बरं वाटलं. आठ दिवस कुणाचा फोन घ्यायचा नाही, ही कल्पनाच सुट्टीसारखी होती.

तिथे मी आत्याच्या हॉटस्पॉटवर जगले. आत्या स्वच्छतागृहात गेली की माझं नेट जायचं. ती बसमध्ये पुढे बसली आणि मला मागची जागा मिळाली की जायचं. आत्या मात्र दिवसभर इंदुरीला व्हिडिओ कॉलवर होती. तिनं जाऊबाईंना हॉटेलची लिफ्ट दाखवली, न्याहारीचे सगळे पदार्थ एकेक करून दाखवले, सोन्याचा बुद्ध दाखवला आणि शेवटी मला दाखवलं.

"ही बगा, अजून येक शब्द बोलली न्हाई हितं आल्यापासून. हिला थाई समजतील."

तिसऱ्या दिवशी आम्हाला नावेतून नदीवर फिरवलं. पाणी तांबूस, गढूळ. आत्यानं फोन पाण्याकडे धरला. "आपली इंद्रायणी हाय की वो! एवढं विमानात बसून आलो त्ये ह्येच बघायला!" पलीकडून जाऊबाईंचं हसणं ऐकू आलं. नावेतली सगळी मराठी माणसं हसली, मीही हसले. तो बुधवार होता. वेळ मला नंतर जुळवावी लागली. आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते.

मी रोज संध्याकाळी ताईला विचारायचे, कुणाचे फोन? त्या बुधवारीही विचारलं. तिचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'काही विशेष नाही गं. दोन गेस्ट आणि एक क्रेडिट कार्डवाली. तू मजा कर.' खाली एक नारळाच्या झाडाचं चित्र.

परत आल्यावर तिनं सिम माझ्या फोनमध्ये घालून दिलं. मी तिच्यासाठी आणलेली हत्तीची पर्स तिला आवडली. तीन आठवडे मी वाट बघितली. मग धीर करून संस्थेला चार ओळींचं मेल लिहिलं. यादी पुढे सरकली का, एवढंच विचारलं. ते लिहायला मला एक अख्खी दुपार लागली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अगदी सभ्य. अमुक तारखेला आम्ही आपल्याला फोन केला होता, आपण घरच्या कारणासाठी येऊ शकत नसल्याचं सांगितलंत, म्हणून यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा दिली. आपल्याला शुभेच्छा.

पहिल्यांदा वाटलं त्यांची चूक झाली, दुसऱ्या कुणाला फोन लागला असेल. मग मी बाबांचा जुना फोन शोधला. तो देवघराच्या खणात होता, बॅटरी संपलेला. चार्जिंगला लावून तो चालू व्हायची वाट बघत मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिले. आलेल्या कॉलच्या यादीत सगळे फोन तसेच होते. बुधवार, अकरा वाजून छत्तीस मिनिटं. बाहेरच्या राज्यातला नंबर. बोलणं सहा मिनिटांचं.

त्या सहा मिनिटांचं मला काही कळेना. नाही म्हणायला सहा मिनिटं लागत नाहीत. त्यांनी काहीतरी विचारलं असणार आणि तिनं उत्तर दिलं असणार. माझ्या आवाजात.

सोमवार होता. ताईच्या शाळेला सुट्टी होती आणि गच्चीवर रविवारच्या गेस्टच्या चादरी वाळल्या होत्या. ती एकटीच घड्या घालत होती. मी समोर जाऊन फोन धरला. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग हातातल्या चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. मी ते धरलं. का धरलं माहीत नाही. सवयीनं.

"तुला सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"लग्न झाल्यावर."

आम्ही चादर ताणली, मधून दुमडली.

"त्यांनी पुढच्याच सोमवारी यायला सांगितलं होतं. सोमवारी! तू तिकडे, आईचे गुडघे हे असे, बाबा संध्याकाळी सातला घरी येणार. मी डिसेंबरात नाशिकला. मग इथे कोण? सासूबाईंनी आधीच विचारलंय, माहेरी सारखं यावं लागणार नाही ना म्हणून. बाबा म्हणाले असते लग्न वर्षभर पुढे ढकलू. नाशिकचे थांबतील असं वाटतं तुला?"

"मला विचारायचं."

"तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय, मग." तिनं चादर माझ्या हातातून ओढून घेतली. "आणि राहिली असतीस का तू तिथे एकटी? रिक्षावाल्याला थांबा म्हणवत नाही तुला. दोन स्टॉप पुढे उतरून चालत येतेस. पंधरा दिवसांत रडत आली असतीस."

कदाचित आलेही असते. हे मी अजूनही स्वतःशी कबूल करते. पण पंधरा दिवस माझे असते.

"रोमिंग नको म्हणालीस," मी विचारलं, "तेव्हाच ठरवलं होतंस?"

"वेडी आहेस का? तेव्हा मला काय माहीत फोन येईल?" ती इतक्या झटकन म्हणाली, की मी विश्वास ठेवला. दहा मिनिटांनी मला वाटलं, इतक्या झटकन का म्हणाली. तेव्हापासून दोन्ही आलटून पालटून वाटतं. कानातल्याच्या टोकानं सिम काढताना ती गुणगुणत होती, एवढंच नक्की आठवतं. गुणगुणण्यावरून काही ठरत नाही.

"आईला सांगणार आहेस?"

मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. एरवी असं काही झालं की मी ताईला सांगायचे. आई रागावली, वर्गात कुणी चिडवलं, गेस्टपैकी कुणी घाणेरडं बोललं, सगळं तिला. तिच्याबद्दलचं सांगायला माझ्याकडे कुणी नव्हतंच.

मग मी अशी गोष्ट केली, जी आपण होऊन कधी करत नाही. तो नंबर लावला. तिथेच, गच्चीवर, तिच्यासमोर. वाटलं, अजून काही होईल. झालेली चूक सांगितली तर माणसं ऐकतात. तिलाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

पलीकडे वयस्कर बाई होत्या. मी नाव सांगताच त्यांनी ओळखलं. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि प्रेमळ होतं. नवीन मुलगी रुजू झाली आहे, म्हणाल्या, आता काही करता येणार नाही. पण मी लक्षात आहे त्यांच्या. त्या दिवशी मी फार मोकळेपणानं बोलले होते. मुलाखतीत इतकी गप्प होते, आणि फोनवर आईच्या आजाराबद्दल, बहिणीच्या लग्नाबद्दल सगळं सांगितलं, संस्थेचं किती कौतुक केलं. त्यांना बरं वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, तुमचा विचार आता बदलला आहे का? की तेव्हा काही गैरसमज झाला?

ताई चादर छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. ती शाळेत शिकवते, तिथल्या बाईंना हे कळलं तर, नाशिकला कळलं तर, हे सगळं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते इंग्रजीत माझ्या तोंडाशी तयार होतं, दॅट वॉज नॉट मी.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "गैरसमज नाही. तेव्हा घरी अडचणच होती."

त्या म्हणाल्या, पुन्हा जाहिरात निघाली की नक्की अर्ज करा. मी थँक यू म्हणाले, त्याच बारीक, गोड आवाजात, आणि फोन ठेवला.

ताईनं श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग परतला, आणि ती हसली. मोठं हसू नव्हतं, सुटल्याचं होतं, मोठं कुत्रं भुंकून निघून गेल्यावर माणूस हसतो तसं. तिनं फोनवर काय केलं ते मी आता आता थोडं विसरायला लागले आहे. ते हसू मात्र विसरता येत नाही.

"चल," ती म्हणाली, "अजून सहा चादरी आहेत."