नुसत्या साबणाची टेस्टट्यूब

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, आजीच्या नावाआधी 'डॉक्टर' का नाही. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

नव्वद सालाच्या आसपास मी धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. तासांच्या आधी, सकाळी लवकर, पीएच.डी.चं काम. ब्लडप्रेशर वाढवणारं एक एन्झाइम फुप्फुसातल्या पेशींच्या पापुद्र्यात रुतून बसलेलं असतं. त्याला अडवणारं काही अंबाडीच्या बियांत सापडतं का, हे मी शोधत होते. सापडलं तर पुढेमागे औषध झालं असतं. दर मंगळवारी खाटकाकडून बोकडाचं फुप्फुस घ्यायचं आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचं. सासूबाई पदर नाकाला लावायच्या. "घर वांगं चिराले येळ नही, आन तठे बोकडनं फोफीस चिरस!" वांगीही मीच चिरत होते.

बियांचा अर्क तेलकट, पाण्यात मिसळेना. म्हणून साबणासारखं एक रसायन घालून तो विरघळवायचे. अर्क वाढवला की एन्झाइम मंदावायचं. चार वर्षं प्रत्येक आलेख तसाच उतरला. माझ्या मार्गदर्शक सरांनी परिषदेला निबंधही पाठवून दिला.

प्रबंध टायपिंगला देण्याआधी मी तक्ते पुन्हा तपासले. तुलनेच्या ट्यूबमध्ये दर वेळी नुसतं पाणी होतं. साबण एकदाही नव्हता. आणि अर्क वाढवला की त्याच्याबरोबर साबणही वाढत होता! दुसऱ्या दिवशी अर्क न घालता फक्त साबण घालून पाहिला. एन्झाइम तितकंच मंदावलं.

सरांनी वही बराच वेळ पाहिली. "बाई, परिषद पुढच्या महिन्यात आहे."

"हो, सर."

"ही एक ट्यूब. कोणी विचारणार नाही."

"मी विचारलं ना, सर."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग पुन्हा पहिल्यापासून?"

मी हो म्हणू शकले नाही. कॉलेजची शिल्लक रजा संपली होती, तुमची आई दहावीला होती, आणि मी फार थकले होते. निबंध मागे घेण्याचं पत्र मीच टाइप केलं, सरांनी सही केली.

मंगळवारी त्या रस्त्यानं जाताना खाटकानं सवयीनं पुडकं पुढे केलं. "अक्का, ताजं शे."

"आता नको, भाऊ."

"बठ्ठं व्हई गयं का?"

"झालं सगळं," म्हटलं. रिकामा डबा तेवढा हातात होता. तोही सवयीनंच घेतला होता.