पार्बताबाईंचा बेहडा

कुंपणाकाठच्या निंबाची फांदी मोडली तेव्हा शेजारच्या जानरावची सून पाणी प्यायला घरात गेली होती. रोज ती त्या वेळी गोठ्यात धार काढायला बसायची. मे महिन्यातलं वादळ अचानक उठलं, फांदी टिनांवर आदळली आणि ती बसायची त्याच जागी लाकडाचा जाड तुकडा टिन फोडून जमिनीत घुसला. म्हैस दावं तोडून रस्त्याला लागली.

वारा थांबला तसा जानराव कुंपणापाशी आला.

"वयनी, शेषरावच्या तोंडाकडे पाहून मी इतके वर्षं चूप बसलो. आता नाई. काठावरचे सारे निंब पाडा. नाईतर मी पाडतो."

पार्बताबाई कुंपणापाशी आल्या. त्या टिन फोडून घुसलेल्या लाकडाकडे बघत राहिल्या.

चांदूर बाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर. खालच्या काळ्या पट्टीत वांगी, मेथी, झेंडू. घराभोवतीच्या मुरमाड तुकड्यात मात्र काहीच येईना, म्हणून त्यांच्या नवऱ्याने, शेषरावांनी, तिथे साग, निंब, आवळा, चिंच लावली होती. बेहडा तेवढा आधीचा. त्याच्या सावलीला धरूनच त्यांनी घर बांधलं होतं. शेषराव गेल्यापासून पार्बताबाई झाडांना कुणाला हात लावू देत नसत. वाळलेली फांदी वरती लटकत राहिली तरी चालेल, पण कुऱ्हाड नको. खाली पडेल तेवढंच सरपण.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून मुलगा मनोज आला, तो लाकडाच्या ठेकेदाराला घेऊनच. ठेकेदाराने कुऱ्हाडीच्या दांड्याने चार बुंधे, त्यात सागाचेही, ठोकले आणि मान हलवली.

"समदे पोकळ हायेत. एकही ठेवासारखा नाई. परवान्याचं टेन्शन घेऊ नका, ते मी पाहतो."

"सागं तं इकडच्या बाजूले हायेत," पार्बताबाई म्हणाल्या. "ते कोनाच्या गोठ्यावर पडून राहिले?"

ठेकेदार हसला. मनोजचा चेहरा लाल झाला. ठेकेदार अंगणाबाहेर गेल्यावर तो आईवर तुटून पडला.

"माय, त्या पोरीच्या डोक्यात लाकूड घुसलं असतं तं? तू काय सांगितलं असतं जानरावकाकाले?"

"मी पाडू नको म्हनत नाई. पन ज्याले लाकूड न्यायचं हाय, तो झाड बिमार हाय का नाई हे खरं कसं सांगन?"

"मंग कोन सांगन?"

ते त्यांनाही माहीत नव्हतं. माणसाला डॉक्टर, जनावराला डॉक्टर. झाडाला कोण, हे त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या एसटीने वनखात्याच्या कार्यालयात गेल्या. तिथला वनरक्षक भला माणूस होता. त्याने सांगितलं, तोडायची परवानगी इथून मिळते, पण घरच्या आवारातली झाडं तपासायला आमच्याकडे माणूस नाही. मग थोडा विचार करून त्याने एक फोन नंबर दिला. अकोल्याची वर्षाली नावाची मुलगी. वनशास्त्र शिकलेली, लोकांच्या सागाच्या बागा बघते, धोक्याची झाडं उतरवून देते.

वर्षालीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काकू, घराच्या सगळ्यात जवळ कोणतं झाड आहे?"

"बेहडा. पन त्याचं काई नाई. तो चांगला हाय."

"मी परवा सकाळी येते. तोवर कुणालाही करवत लावू देऊ नका."

ठेकेदाराची माणसं मात्र त्याच परवाच्या सकाळी ट्रॅक्टर घेऊन हजर झाली. संध्याकाळी पुन्हा वादळाचा इशारा होता, म्हणून जानरावनेच त्यांना घाई करायला लावली होती. पार्बताबाई पहिल्या निंबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. करवत सुरू झाली. जानराव ओरडला, मनोज आईचा हात धरून ओढू लागला.

"सोड मले! ते पोरगी येऊन पाहीन, मंग तुमी सारं जंगल कापा!"

या गोंधळातच जीप आली. वर्षालीसोबत दोरखंड घेतलेले दोन गडी होते. तिने आधी करवत बंद करायला सांगितली. मग लाकडी हातोडी घेऊन ती एकेका झाडाशी गेली. ठोकायची, कान लावायची, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं बघायची. निंबाशी तिला बराच वेळ लागला. जानराव तिच्या मागेमागे होता.

"काका, बुंधा ठणठणीत आहे. मोडली ती फांदी वाळकी होती, फार लांब वाढलेली. ती केव्हाच छाटायला हवी होती. अजून तीन तशाच आहेत, त्या आज उतरवू. झाड पाडायची गरज नाही."

पार्बताबाईंनी मान खाली घातली. छाटू दिलं नव्हतं ते त्यांनीच.

वर्षाली घराकडे वळली आणि बेहड्यापाशी थबकली. बुंध्याच्या तळाला तपकिरी, फळीसारखी बुरशी चिकटली होती. पार्बताबाई तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवत. वर्षालीने हातोडी मारली. आवाज रिकाम्या माठासारखा आला. तिने बारीक, लांब गिरमिटाने भोक पाडलं. आधी पांढरा भुसा आला, आणि लगेच काळा, ओला.

"इथून नाली कुणी खोदली?"

"मी," मनोज म्हणाला. "मायच्या बाथरूमसाठी. लय वर्षं झाले."

"या बाजूची मुळं तेव्हाच तुटलीत. बाकीची सडलीत. काकू, हे झाड घरावर येणार. आजच्या वाऱ्याला येईल की पुढच्या, ते मी सांगू शकत नाही."

पार्बताबाई खाली बसल्या. मनोज पुढे झाला, पण त्यांनी त्याला हाताने थांबवलं. निंब वाचवायला त्यांनी हिला बोलावलं होतं, आणि हिचं निंबाचं बोलणं खरं मानायचं तर बेहड्याचंही मानावंच लागणार होतं. पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं.

"काहून बसून राहिले सारे?" त्या उठत म्हणाल्या. "घर रिकामं करा."

वर्षालीने वनरक्षकाला फोटो पाठवले, फोनवर बोलून होकार घेतला. ठेकेदाराची माणसं कधी निघून गेली कुणाला कळलं नाही. वर्षालीच्या गड्यांपैकी चिखलदऱ्याकडचा किशोर कमरेला दोर बांधून वर चढला. एकेक फांदी आधी दोराला बांधायची, मग कापायची, मग खालच्यांनी दोर हळूहळू सोडायचा. मनोज एका दोरावर होता. दुसऱ्यावर, कुणी न बोलावता, जानराव येऊन उभा राहिला.

मधली मोठी फांदी सुटली तेव्हा वाऱ्याचा पहिला झोत आला. फांदी फिरली आणि सरळ छपराकडे निघाली. जानरावच्या हातातून दोर सरसर सुटू लागला.

"दोर आवळा!" किशोर वरून ओरडला.

पार्बताबाई धावल्या. जानरावच्या मागे उभं राहून त्यांनी दोराला दोन्ही हात घातले. तळव्यांची साल निघाली, पण फांदी कौलांच्या वर हातभर अंतरावर लटकून थांबली. मग ती अंगणात उतरली.

बुंधा पडला तेव्हा थेंब सुरू झाले होते. कापलेल्या तोंडात घराकडच्या बाजूला बोटभर जाडीचं धड लाकूड होतं. बाकी आत काळा चिखल. मनोजने त्यात हात घातला, बाहेर काढला, आणि भिंतीला टेकून रडला.

संध्याकाळी वादळ आलं. वाळक्या फांद्या उतरवलेले निंब रात्रीपर्यंत झुलत राहिले. सकाळी सगळे उभे होते.

आता दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाली येते. वाळक्या फांद्या निघतात, दाटीतले साग परवानगी काढून विरळ केले जातात. पार्बताबाई तिच्यासोबत फिरतात, वाद घालतात, एखादी फांदी हट्टाने राखूनही ठेवतात. बेहड्याच्या जागेवर त्यांनी अजून काही लावलेलं नाही. सावली गेल्यामुळे दुपारी घर भट्टीसारखं तापतं. मनोजने कूलर आणून दिला आहे. त्याच्या आवाजाने झोप येत नाही, अशी त्यांची रोजची तक्रार असते.