बायकांचं म्हणणं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला सांगावं असं बरेचदा मनात आलं, पण ती गेली आणि सांगायचं राहून गेलं — राहून गेलं कसलं, मी राहू दिलं. आज तुम्हाला लिहून सांगते. तुम्ही माझ्या गावचे नाही, माझं तोंड तुम्हाला पाहावं लागणार नाही, म्हणून जमतंय. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी सरपंच आहे. सावली तालुक्यातलं धानाचं गाव, नाव कशाला हवं. तालुक्याला, जिल्ह्याला ट्रेनिंग असलं की मला बोलावतात. माझा विषय ठरलेला — ग्रामसभेत महिलांचा सहभाग. बरं बोलते मी. एकदा एक साहेब म्हणाले, ताई, तुमच्या बोलण्यात तळमळ आहे. शाल दिली, फोटो काढला. समोर बसलेल्या बायांना मी विचारते, आपण पुढे काऊन येत नाही? कोणी म्हणते शिक्षण नाही. कोणी म्हणते घरचे सोडत नाहीत. मी मान हलवते, हो हो म्हणते. आणि घाईनं पुढच्या मुद्द्यावर जाते. कारण माझ्या गावच्या बाया पुढे काऊन येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या गावात एक तलाव आहे, जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याचं पाणी सोडायचं जे दार असतं त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तुडुमाच्या खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं — पहिली बांधी आमची. आणि तलावाच्या पाळीला लागून पलीकडे टोला, पंधरावीस घरं. टोल्याची विहीर तलावाच्या जिवावर. तलावात पाणी राहिलं तर विहिरीला पाणी, तलाव आटला की विहिरीत गाळ. एवढं साधं आहे. हे आमच्याकडे लेकराला पण समजते.

तर त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. धान निघाल्यावरही तलावात पाणी होतं. गावातल्या बांधीवाल्यांच्या मनात आलं, तुडूम उघडू आणि उन्हाळी धान घेऊ. विषय छब्बीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार होता. आदल्या दिवशी बायकांची सभा. ती आमच्याकडे हळदीकुंकवाला जोडूनच होते, नाहीतर कोण येतं? बायकांचं जे ठरेल ते दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत आमच्यातल्या एकीनं उभं राहून सांगायचं, अशी आमची रीत. बाकीच्या आल्या काय, न आल्या काय.

त्या दिवशी मात्र टोल्यावरच्या सगळ्या आल्या होत्या. जनाबाई दाराशी बसली होती. ती विधवा, तिला कुंकू लागणार नव्हतं, म्हणून आपण होऊनच दाराशी. घरी म्हातारी सासू, दोन पोरी, आणि एक म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. कधी न बोलणारी बाई त्या दिवशी बोलली. तुडूम नको उघडू म्हणावं, उन्हाळ्यात आमी अन् आमची जनावरं कुठी जाऊ? एकेक करत सगळ्यांनी माना हलवल्या. गावातल्या दोघीतिघींनीही हलवल्या. ठरलं. सांगायचं कोणी? मी बारावी शिकलेली, तेव्हा मीच. जनाबाईनं आपल्या वाट्याचा तिळाचा लाडू माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "बाई, तू सांगजो. तुह्यं आयकतीन ते."

टोल्यावरची माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या वर्षी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेच आली. नवरे, बायका, सगळे चढले. मी बोलणार आहे म्हणून निर्धास्त गेले. मागे राहिली जनाबाई, म्हशीपायी. इतक्या पुरुषांत एकटी कशी येऊ म्हणून ती सभेला आली नाही.

तेव्हा सरपंच माझे भासरे होते, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. झेंडावंदन झालं, शाळेच्या पडवीत सभा बसली. तुडुमाचा विषय निघाला. भासऱ्यांनी विचारलं, महिला सभेचं काही म्हणणं आहे काय? मी उठले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि —

इथे मी वर्षानुवर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. भासऱ्यांपुढे आमच्याकडे सुना बोलत नाहीत, जीभ टाळूला चिकटली, काय करणार. खोटं आहे ते. भासऱ्यांशी मी घरी भांडलेली आहे, तेही चारचौघांत. माझी जीभ चांगली मोकळी होती. मला दिसत होती आमची बांधी. उन्हाळी धान झालं तर मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, हे आम्हा नवराबायकोचं बोलणं झालेलं होतं. मला स्लॅबचं घर पाहिजे होतं. बस.

मी म्हटलं, काही म्हणणं नाही.

गावातल्या त्या दोघीतिघी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याही बांध्या तुडुमाखालीच. एकीनं माझ्याकडे पाहिलं, मग ती पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. ठराव झाला. चहा आला. मी चहा प्यायले.

एवढंच असतं तर कदाचित मी आज लिहिलं नसतं. माणूस स्वार्थी असतं, तुम्ही म्हणाला असता, जाऊ द्या. पण खरं पाप ते नाही. ते पुढे आहे, आणि तिथे यायला मी एवढा वळसा घेतला.

सभा सुटल्यावर जनाबाई बांधावर माझी वाट पाहत उभी होती. "सांगतलं काय बाई?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. सांगितलं, खूप सांगितलं, पण नाही ऐकलं कोणी. इथे थांबले असते तरी चाललं असतं. तिनं काही शंका घेतली नव्हती, मला कोणी ढकललं नव्हतं. तरी मी आणखी एक शब्द जोडला. "हसले," म्हटलं. बायकांचं म्हणणं सांगायला लागले तर सगळे हसले मला.

काऊन म्हटलं मी तसं? माझ्या खोट्याला वजन यावं म्हणून? तिनं पुन्हा विचारू नये म्हणून? की तिला माझी कीव यावी म्हणून? मला आजही कळलेलं नाही. तिचा चेहरा मात्र आठवतो. आधी पाण्याचं दुःख आलं, आणि मग ते बाजूला सारून माझ्यासाठी वाईट वाटून घेतलं तिनं. माझा हात धरला. माह्यापायी तुले आयकून घ्या लागलं, म्हणाली. मी हात धरू दिला.

तुडूम उघडलं. चैत्रात टोल्याची विहीर तळाला गेली. मिरचीहून परत आलेल्या बायांना जनाबाईनं सांगितलं, बाई बोलली होती, पण हसले तिले. खरं ठाऊक असलेल्या गावातल्या त्या दोघीतिघींनी ते टोल्यापर्यंत जाऊ दिलं नाही, त्यांचंही धान त्याच पाण्यावर होतं. कोणी माझ्यावर राग धरला नाही. उलट वाटेत भेटल्या की मायेनं बोलायच्या. आणि नदीवरून पाणी वाहायच्या.

म्हशीला नदीवरचं पाणी किती पुरणार? वैशाखात जनाबाईनं म्हैस विकली. व्यापारी तिला आमच्या दारावरूनच घेऊन चालला होता, जनाबाई सोबत वेशीपर्यंत निघालेली. म्हैस पुढे पाय टाकेना. आमच्या अंगणाशी जनाबाई थांबली आणि म्हणाली, "बाई, बादलीभर पाणी दे हिले. दूर जायचं हाये तिले."

मी दिलं पाणी. जनाबाईनं बादली धरली, म्हैस प्यायली. मागे आमचं धान हिरवंगार उभं होतं, तलावाच्या पाण्यावर. बादली घासून मी परत नळाखाली ठेवली.

पुढे स्लॅबचं घर झालं. पुढे सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि मी निवडून आले. टोल्याची सगळी मतं मला पडली. आपल्यासाठी बोलणारी बाई आहे, असं ते सांगत होते प्रचारात. आणि तुडुमाच्या त्या सभेपासून टोल्यावरच्या बाया सभेत बोलत नाहीत. येतात, बसतात, अंगठा देतात, जातात. सभा म्हणजे हसं करून घ्यायची जागा, हे त्या शिकल्या. त्यांना शिकवणारी मी. आणि त्यावर ट्रेनिंग देणारीही मीच. लाज कशी वाटत नाही म्हणता? वाटते. आणि शालही घेते.

यंदा तलावात पुन्हा पाणी राहिलं, पुन्हा तोच विषय आला. बायकांच्या सभेत मी स्वतः जनाबाईला विचारलं, बोल, काय वाटते तुला. आता ती बरीच थकली आहे. तिनं नको म्हणून मान हलवली. जाऊ दे बाई, म्हणाली. मागं माह्यापायी तुले हसले, आता तू सरपंच होऊन राह्यली तर पुन्हा तुह्यं हसं काऊन करू?

तेव्हा मी म्हणू शकत होते, जनाबाई, कोणी हसलं नव्हतं. कोणाला काही समजलंच नव्हतं, कारण मी बोललेच नव्हते. दोन वाक्यं होती. मी पुढचा विषय घेतला.

मोठ्या सभेत खुर्चीवर मी होते. रीतीप्रमाणे विचारलं, महिला सभेचं काही म्हणणं आहे काय? उत्तर द्यायला या खेपेला बायांनी जनाबाईचं नाव पुढे केलं होतं. ती उठली, पदर पुढे ओढला. माझ्याकडे पाहिलं, मला सांभाळून घेत असल्यासारखं. आणि म्हणाली, "काई म्हणनं नाई."

ठराव झाला. तुडूम उघडलं. पाणी आधी आमच्या बांधीत आलं.