चारची गाडी आणि चौथं वर्ष

त्या दिवशी स्टाफरूममध्ये रोजच्यासारखंच चाललं होतं. नव्या सत्राचे विषय कोणत्या तासाला बसवायचे यावरून वाद सुरू होता. वाद कंटाळवाणा झाला तसा फिजिक्सच्या देशमुख सरांनी आमच्या सरांचा एक किस्सा काढला. सर म्हणजे माझे यजमान. मलकापूरच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघं. ते भूगोलाला, मी मराठीला. सर सकाळीच विद्यापीठात बैठकीला गेले होते, आणि ते नसले की त्यांचेच किस्से निघत. मीही चहा घेत ऐकत होते. तेवढ्यात इंगळे मॅडमचा फोन वाजला. त्या बोलत बोलत बाहेर गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांनी आधी माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. बैठक संपल्यावर सर खुर्चीतून उठले होते, पुन्हा खाली बसले होते, ते मग उठलेच नाहीत.

देशमुख सरांनी तो किस्सा अजून पुरा केलेला नाही.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मात्र एकेक किस्सा आणला. दुःखाच्या घरी काय बोलावं ते माणसाला सुचत नाही, म्हणून तो काहीतरी आठवण काढतो. मग दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही, मी सांगतो." असे ते साठत गेले. तेव्हा मी नुसती ऐकत होते. आता मीच सांगते.

* * *

प्रवेशाच्या दिवसांत सर व्हरांड्यात टेबल टाकून बसत. कोणी कोणते विषय घ्यावेत हे सांगणं त्यांचं काम. पण ते मार्क विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कोणती?"

मोताळ्याकडच्या खेड्यांना परत जाणारी सोयीची एसटी चारला सुटायची. तिला सगळा तालुका 'चारची गाडी' म्हणतो. ती गेली की खेड्यातल्या पोरापोरींसाठी कॉलेज संपलं.

एक मुलगा आला. "सर, मले फिजिक्स घ्यायचं हाय."

"घेशील बे. गाडी कोणती?"

"चारची."

"मंग प्रयोग मांडशील तू, अन् उत्तर काढतीन मलकापूरचे पोरं."

त्या मुलापायी देशमुख सरांना दुपारची सगळी प्रॅक्टिकल्स सकाळी घ्यावी लागली. ते चिडून म्हणाले, "हे वेळापत्रक कॉलेजचं हाय का डेपोचं?"

"डेपोचं," सर म्हणाले. "कॉलेजचं बदलता येते, म्हणून ते बदललं."

* * *

नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा कोणताही, असं सगळं एकदम अंगावर आलं. एका वर्षी ऑनलाइन अर्जात मुलांनी ओपन इलेक्टिव्ह निवडायचं राहून गेलं. संगणकाने यादीतला पहिला विषय सगळ्यांच्या नावावर टाकून दिला. तो होता सागरी पर्यटन.

आमच्या पोरांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला. बदल होईना, मुदत संपलेली. शेवटी तो विषय भूगोलाच्या गळ्यात पडला. सरांनी तक्रार केली नाही. पोरांना घेऊन नळगंगेच्या धरणावर गेले आणि भिंतीवर उभं राहून म्हणाले, "हा आजच्या दिवस अरबी समुद्र."

एका मुलीने वही उघडली. "सर, भरती कवा येते?"

"पाटबंधारे खात्याच्या मनात आलं की."

तिने ते लिहून घेतलं. परीक्षेतही तेच लिहिलं, असं सर सांगायचे. खरं की खोटं, कधी विचारलं नाही.

* * *

शेगावला मंदिरात सेवा देणारा एक विद्यार्थी होता. त्याने ऐकलं होतं की आता समाजकार्यालाही क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, असतात.

"सर, मी दर गुरुवारी शेगावले सेवेत असतो. त्याचे क्रेडिट भेटतीन काय?"

सर म्हणाले, "भेटतीन. पण ते विद्यापीठाच्या पोर्टलवर दिसत नाहीत."

मुलगा समाधानाने गेला. इंगळे मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही त्याला नाही म्हणालात की हो म्हणालात?"

"त्याले समजलं," सर म्हणाले.

* * *

कॉलेजात आम्ही एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणायचो. एकदा माझा मराठीचा मायनर आणि त्यांचा भूगोलाचा मेजर एकाच तासाला आले. दोघांनाही तोच तास हवा होता, कारण दोघांचीही मुलं चारच्या गाडीची. भर स्टाफरूममध्ये आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी देशमुख सर म्हणाले, "तुम्ही हे घरी मिटवून या ना बाप्पा."

घरी आम्ही बोललोच नाही. जेवताना ते एवढंच म्हणाले, "मॅडम, भाजीत मीठ नाही."

"प्राचार्यांमार्फत अर्ज करा, सर."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले तर तो तास माझ्या नावावर होता. त्यांनी भूगोल सकाळी सातला नेला होता. हिवाळाभर ते अंधारात उठून गेले.

* * *

पल्लवी तायडे मोताळ्याकडच्या खेड्यातली. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला तिचे वडील सोबत होते. सरांनी विषय वाचून दाखवले: भूगोल, मराठी, योग, सेंद्रिय शेती, आणि आणखी काय काय.

तायडे म्हणाले, "सर, हे शिक्षण हाय का पंगतीचं ताट?"

"ताटच समजा."

"मंग पोट कशानं भरन?"

"भूगोलानं. तो तिचा मुख्य विषय."

"अन् भूगोलाले वाढणारे किती हायेत?"

"मी एकटा. बाकीच्या जागा रिकाम्या हायेत."

तायड्यांनी मान हलवली. "मंग तुम्ही सुट्टी घेत नका जाऊ."

सरांनी ते मनावर घेतलं. अंगात ताप असला तरी निघायचे. मी रागावले की म्हणायचे, "रजा पल्लवीच्या बापानं मंजूर केली पाहिजे."

पल्लवी तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा चौथ्या वर्षाचा प्रश्न निघाला. चौथं वर्ष केलं तर ऑनर्सची पदवी, पण ते आमच्याकडे नव्हतं. अकोल्याला जावं लागणार होतं. तायडे म्हणाले, "अकोल्याले नाही धाडत. तिथं आमचं कोणी नाही. इथं असन तर शिकवतो, नसन तर तिले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

"इथं होईन," सर म्हणाले.

दोन अडचणी होत्या. चौथ्या वर्षाचे तास पाचपर्यंत चालणार आणि गाडी चारची, शिवाय विद्यापीठाची परवानगी लागणार. त्यासाठी विषयाला मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवा. भूगोलात तसे एकटे सरच होते. त्या शेवटच्या दिवशी सर विद्यापीठात गेले होते ते ही परवानगी मागायला. ती मिळाली, हे मला नंतर कळलं. ते बसले होते त्या बैठकीतच मिळाली.

* * *

जूनमध्ये तायडे पल्लवीला घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा हसरा होता. मला पाहून त्यांनी तो आवरला.

"मॅडम, गाडीचं काम झालं."

"कोणत्या गाडीचं?"

"चारच्या. डेपोवाल्या साहेबानं सांगतलं, तुमच्या सरानं लई चकरा मारल्या म्हणे. आता ते पाच वाजून गेल्यावर सुटते."

सर डेपोत जात होते हे मला माहीत नव्हतं. देशमुख सरांनाही नव्हतं. ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे तोंड करून उभे राहिले. "म्हणजे डेपोचंबी बदलता येते," ते म्हणाले.

"मंग मॅडम, वर्ग कवापासून?" तायड्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. परवानगी मार्गदर्शकाच्या नावावर होती, तो नाही म्हणून ती थांबली आहे. नवीन माणूस मिळेपर्यंत काही होणार नाही, आणि नवीन माणूस कधी मिळेल ते कोणी सांगत नाही. पल्लवी माझ्याकडे पाहत नव्हती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तायडे उठले.

"चाल पोरी," ते म्हणाले. "आज घाई नाही. गाडी पाचनंतर हाय."

गाडी आता पाचनंतरच सुटते. लोक तिला अजून चारचीच म्हणतात. चौथ्या वर्षाचा वर्ग सुरू झालेला नाही.